मामाचं पिवळं सोयाबीन आणि गुलाबी गाठी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मामाचा फोन आला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी मेसमधून जेवून परत येत होते. मामा एरवी फोन करतो तो दोनच प्रश्नांसाठी. 'तिकडं पाऊस हाय का' आणि 'जेवलीस का'. यावेळी तिसराच प्रश्न होता.

"तुझी ती जंतूवाली मैत्रीण हाय का गं तिथं? तिला विचार, सोयाबीन पिवळं पडायलंय."

जंतूवाली मैत्रीण म्हणजे माझी रूममेट. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, सेकंड इयर. आमच्या रूममधल्या फ्रीजला तिच्यामुळे कोणी हात लावत नाही, कारण आत काय ठेवलेलं असेल याची गॅरंटी नाही. मी मास कॉमची, सायन्सशी माझा ब्रेकअप दहावीतच झालाय. म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरला.

तिने थेट विचारलं, "मामा, पिवळी पानं खालची आहेत की शेंड्याची?"

"खालची. शेंडा हिरवा हाय."

"शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं तर नाही ना?"

"न्हाई. समदं पानच फिक्कं."

"सगळ्या रानात आहे का?"

"न्हाई ओ. विहिरीजवळचं वावर झकास हाय. ऊस मोडून पेरलंय ना, ते दीड एकर पिवळं पडलंय."

मग ती जे म्हणाली, त्यामुळे हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली. "मामा, युरिया टाकायच्या आधी दोन झाडं खणून मुळं बघा."

पलीकडे शांतता. "मुळं? मुळं कशाला?"

फोन ठेवल्यावर मीही तेच विचारलं. पान पिवळं आणि ही मुळं बघायला सांगतेय? तिचं म्हणणं असं, की कुठलं पान आधी पिवळं पडतं यावरून बरंच कळतं. नायट्रोजन झाडाच्या आत फिरतो. कमी पडायला लागला की झाड जुन्या पानातला काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह असं फिरत नाही. ते कमी पडलं तर शेंडा पिवळा होतो आणि शिरा हिरव्या राहतात. मामाची लक्षणं नायट्रोजनची होती. पण सोयाबीन स्वतःचा नायट्रोजन स्वतः मिळवणारं पीक आहे. मग त्यालाच कमी का पडावा? याचं उत्तर पानात नव्हतं.

शनिवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघी लातूरला निघालो. मला खरं तर मामीच्या हातची धपाटी खायची होती. पण खोटं कशाला सांगू, थोडं टेन्शनही होतं. मामाची मुलगी यंदा अकरावीला गेली, लातूरला हॉस्टेलवर राहते. तिच्या दुसऱ्या टर्मची फी सोयाबीन विकूनच भरायची असते. चार एकरांतलं दीड एकर पिवळं पडलं, की घरात त्यावर कोणी बोलत नाही, पण चहाच्या वेळी सगळे जरा गप्प असतात.

तीस हजार टन, पण कुलूपबंद

एसटीत रूममेटने मला एक हिशोब करून दाखवला. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मी तो दोनदा तपासला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे आपण शाळेत घोकलंय. जमिनीच्या एका चौरस मीटरवर वरपर्यंत जी हवा उभी आहे, तिचं वजन साधारण दहा टन. म्हणजे मामाच्या एका एकराच्या डोक्यावर जवळपास तीस हजार टन नायट्रोजन तरंगतोय. आणि मामा रांगेत उभा राहून आणतो ते युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे एकवीस किलोसुद्धा नाही.

एवढा डोक्यावर असताना विकत का आणायचा? कारण हवेतला नायट्रोजन जोडीने असतो. दोन अणूंनी एकमेकांना तीन-तीन हातांनी घट्ट धरलेलं असतं. ही मिठी सोडवल्याशिवाय झाडाला त्याचा काही उपयोग नाही. झाडाला लागतो तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात.

माणसाने ही मिठी सोडवायची युक्ती काढली ती १९०९ मध्ये. जर्मनीत फ्रित्झ हाबर यांनी ती प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉश यांनी तिचा कारखाना केला, तो १९१३ मध्ये सुरू झाला. चारशे-पाचशे अंश तापमान, हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाब, आणि हायड्रोजनसाठी मुख्यतः नैसर्गिक वायू. आज जगातला युरिया याच वाटेने येतो. दोघांनाही वेगवेगळ्या वर्षी नोबेल मिळालं. हाबरची बाकीची गोष्ट भयानक आहे, पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूपर्यंत जाते, पण तो वेगळा लेख होईल.

आता दुसरी बाजू. तेच काम मातीतले काही जिवाणू मामाच्या वावरात करतात. चिखलात, साध्या तापमानाला, साध्या दाबाला. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम असतं, त्याच्या पोटात लोह आणि मॉलिब्डेनमचे अणू बसवलेले असतात. काम मात्र स्वस्त नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान सोळा रेणू खर्च होतात. (एटीपी म्हणजे पेशीतली सुट्टी नाणी, हे मला अकरावीच्या मामेबहिणीने समजावलं. अपमान गिळला.) त्यात आणखी एक नखरा. या एन्झाइमला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, लागला की ते बिघडतं. पण एवढे एटीपी बनवायला जिवाणूला श्वास तर घ्यावाच लागतो, म्हणजे ऑक्सिजन हवाच. हवा पण आणि नको पण!

हा पेच सोडवायचं काम झाडाने स्वतःकडे घेतलंय.

खुरपं, बादली आणि नख

वावरात पोचलो तेव्हा ऊन-पावसाचा खेळ चालू होता. मामाने सवयीने एक झाड धरून उपटायला घेतलं, तर रूममेट ओरडलीच. उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने बाजूने खणायचं, ढेकळासकट उचलायचं आणि बादलीतल्या पाण्यात हळूच हलवायचं.

आधी विहिरीजवळचं झाड घेतलं. पाणी गढूळ झालं, खाली बसलं आणि मुळं दिसली. त्यांना मोहरीएवढ्या, काही मसुराएवढ्या गाठी लटकलेल्या. मोजल्या, सत्तावीस भरल्या. मी आयुष्यात शंभरदा त्या वावरातून चालले असेन, पण हे कधी पाहिलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे मामानेही नीट पाहिलं नव्हतं. "मला वाटायचं किडीनं गाठी केल्या," तो म्हणाला. (तशीही एक गाठ असते, सूत्रकृमीची. पण ती मुळाचाच भाग सुजून होते. ही मुळाला बाहेरून चिकटल्यासारखी दिसते, बोटाने सहज निघते.)

रूममेटने एक गाठ अंगठ्याच्या नखाने मधोमध कापली. आतून गुलाबी. नुसती गुलाबी नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखी लालसर.

हा रंग ज्या प्रथिनाचा आहे त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे नातेवाईकच. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून-मापून देतं. श्वासापुरता पोचतो, एन्झाइम बिघडेल एवढा मोकळा राहत नाही. वर सांगितलेला पेच सुटतो तो असा. म्हणून गाठ आतून गुलाबी असली तर कारखाना चालू आहे. पांढरी असली तर एकतर अजून सुरू झालेला नाही किंवा आतले जिवाणू कामाचे नाहीत. हिरवट-तपकिरी असली तर शिफ्ट संपत आलीय.

आणि ही गाठ बनते कशी, तर त्यात चक्क चॅटिंग आहे. सोयाबीनचं मूळ मातीत फ्लॅवोनॉइड नावाची रसायनं सोडतं, एक प्रकारचा 'हाय'. मातीतल्या हजारो प्रकारच्या जिवाणूंना तो मेसेज लागतो, पण रिप्लाय देतो तो ओळखीचाच. सोयाबीनच्या बाबतीत मुख्यतः ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. तो उलट आपलं रसायन सोडतो. मूळ ते ओळखतं, मुळाचा केसासारखा बारीक तंतू वाकतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग आत एक बोगदा तयार होतो, त्यातून जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींपर्यंत जातात, तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि गाठ उभी राहते. यानंतरचा व्यवहार रोकडा. झाड साखरेतून आलेलं अन्न देतं, जिवाणू अमोनिया देतात. पेरणीपासून हे सगळं नीट चालू व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर रोप बियाण्यातल्या आणि मातीतल्या शिलकीवर काढतं.

आता पिवळ्या वावराची पाळी. तीन झाडं खणली. तिन्ही मिळून गाठी चार. नखाने कापल्या, पांढऱ्या. मामा काही बोलला नाही. बादलीतलं पाणी ओतून दिलं आणि परत भरून आणलं.

पत्र्याच्या खोलीतली पाकिटं

मग सुरू झाली रूममेटची सीआयडी. बियाण्याला काय लावलं होतं? मामाने रायझोबियमची पाकिटं लावली होती, अगदी आठवणीने. कशी लावली? बुरशीनाशकाची पावडर आणि पाकीट एकाच घमेल्यात कालवून, एकदमच. पाकिटं आणल्यावर ठेवली कुठे? पत्र्याच्या खोलीत, खताच्या पोत्यांवर. किती दिवस? पाऊस लांबला होता, पंधरा-वीस दिवस झाले असतील.

जूनमध्ये आमच्या त्या पत्र्याच्या खोलीत मांजरसुद्धा बसत नाही.

"मामा, ते औषध नाही हो, आत जिवंत जीव आहेत," ती म्हणाली. मामाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. पाकिटावर खताचं नाव, दुकानात खताच्याच कपाटात ठेवलेलं. ते दही विरजणासारखं सांभाळायचं असतं हे त्याला कोण सांगणार? पाकीट सावलीत, गार जागी ठेवायचं. बुरशीनाशक आधी लावायचं, ते बियाण्यावर सुकू द्यायचं, आणि जिवाणू अगदी शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून. बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. एवढंच. पण क्रम चुकला की बुरशीनाशक आधी जिवाणूंनाच गाठतं.

मग विहिरीजवळच्या वावरात तेच बियाणं, तेच घमेलं असूनही गाठी कशा आल्या? कारण तिथे आठ वर्षं सोयाबीन होतंय. ब्रॅडीरायझोबियम तिथल्या मातीत आधीच बिऱ्हाड करून आहेत. सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं पीक, त्याच्या जोडीदार जिवाणूंची सगळीकडच्या मातीशी ओळख असतेच असं नाही. उसाच्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच आलं होतं. मुळाने 'हाय' केलं आणि समोरून कोणी उत्तरच दिलं नाही.

त्यात दुसरा झटका होता. मामाने मे महिन्यात खोडवा मोडला आणि पाचट, बुडखे सगळं रोटाव्हेटरने मातीत मिसळलं. पाचट जाळलं नाही, हे त्याने चांगलंच केलं. पण मातीतल्या कुजवणाऱ्या जिवाणूंच्या दृष्टीने पाचट म्हणजे भाकरीचा ढीग आणि डाळ नावाला. कार्बन भरपूर, नायट्रोजन अगदी कमी. भाकरी खायची तर डाळ लागणार, मग ते आजूबाजूच्या मातीतला नायट्रोजन उचलतात. पीक बिचारं ताट घेऊन उभं. हा नायट्रोजन कुठे जात नाही, जिवाणू मरतात, त्यांना दुसरे खातात, आणि काही महिन्यांत तो मातीला परत मिळतो. उसनवारीच ती. पण सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांचं पीक, उसनं परत यायची वाट बघत बसायला त्याला वेळ कुठे असतो? पाचट कुजवताना त्यावर थोडा युरिया टाकायला सांगतात तो याचसाठी, आणि पेरणीच्या आधी कुजायला वेळही द्यायला हवा होता.

युरियाही तेच शिजवतात

मामाने तीन पोती आणून ठेवलीच होती. पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. ऐकायला जास्त वाटत नाही, पण यंदा दुकानदाराने पोत्यांबरोबर एक नको असलेली बाटलीही गळ्यात मारली होती, ती युरियापेक्षा महाग. त्याचा विचार होता चारही एकरांवर फेकायचा. "हिरवंय ते अजून हिरवं हुईल."

मला वाटलं रूममेट आता सेंद्रियवर भाषण देणार. नाही दिलं. पिवळ्या दीड एकरात एक पोतं टाका म्हणाली, कारण तिथे गाठी नाहीतच आणि आता येतील याची वाट बघण्यात पीक जाईल. विहिरीजवळच्या वावरात मात्र दाणासुद्धा टाकू नका. तिथे आयता नायट्रेट मिळाला तर झाड गाठींना अन्न द्यायचं कमी करतं. घरात डबा आला की स्वयंपाक कोण करतंय, आपल्या फ्लॅटचं असंच आहे.

मामाने तिथेच विचारलं, "म्हणजे युरिया टाकला की जंतूंचं काम संपलं?"

उलट. युरिया मातीत पडला की तो मुख्यतः मातीतल्या जिवाणूंच्या युरिएज एन्झाइममुळे फुटतो आणि अमोनियम तयार होतं. मग नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर गटाचे त्याचं नायट्रेट करतात, आणि पिकाला बराचसा नायट्रोजन या रूपात मिळतो. शेणखताचंही तसंच. शेणातला, पालापाचोळ्यातला नायट्रोजन प्रथिनांत अडकलेला असतो, तो सुटा करून देणारे हेच.

"म्हंजे इकत आणलेलं बी ह्येच शिजवून वाढतेत," मामा म्हणाला. माझ्या अख्ख्या नोट्समध्ये याच्याइतकं सोपं वाक्य नाही.

पण वाढपी कधी ताट उलटंही करतात. रानात पाणी तुंबलं की हवा संपते, मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रोजन परत हवेत जातो. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त जोरदार. शिवाय नायट्रेट पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतं ते वेगळंच. देशात तयार होणाऱ्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावणं सक्तीचं झालं, त्याचं एक कारण म्हणजे अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कडुनिंबाने कमी होतो. मामाला वाटत होतं तेल कीड लागू नये म्हणून असतं.

संध्याकाळी ओसरीवर आजीला हे सगळं सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. "तुरीचा बेवड चांगला, हे काय आता कळलं व्हय तुमाला?" बेवड म्हणजे आधीच्या पिकाने रान कसं करून ठेवलंय ते. आजीच्या पिढीत तूर-हरभऱ्यानंतरचं रान ज्वारीला चांगलं, हे सगळ्यांना माहीत होतं. कारण मात्र जगालाच उशिरा कळलं. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी गाठींमुळे हवेतला नायट्रोजन मिळतो हे मांडलं, १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढले. आपल्याकडे १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतल्या जिवाणूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आजीच्या बेवडात थोडी दुरुस्ती मात्र रूममेटने केलीच. दाण्यांबरोबर बराचसा नायट्रोजन बाजारात जातो, रानाला उरतो तो गळलेल्या पानांतला आणि मुळांतला. तूर पानं भरपूर गाळते म्हणून तिचं नाव जास्त. आजी म्हणाली, तेच तर म्हणतेय.

जाता जाता एक. मामेबहिणीला हे इतकं आवडलं, की तिने बांधावरचं दिसेल ते उपटायला सुरुवात केली. लाजाळूला गाठी सापडल्या. टाकळ्याला, म्हणजे आमच्याकडच्या तरोट्याला, सापडेनात. आम्हाला वाटलं नीट खणलं नाही. पण खरंच, तरोटा शेंगवाला असूनही त्याला गाठी येत नाहीत. सगळ्या शेंगवाल्यांना येतात हे माझं पाठांतर तिथेच पुसलं गेलं. शहरात असाल तर मुळासकट मेथीची जुडी आणा आणि निवडण्याआधी मुळं धुऊन बघा. नेहमी सापडतील असं नाही, सापडल्या तर नखाने कापा.

हे लिहितेय तेव्हा सप्टेंबर सुरू झालाय. मामा दर आठवड्याला फोटो पाठवतो. पिवळं रान बरंचसं सावरलं, बांधाच्या बाजूचा पट्टा अजून फिक्का आहे आणि तिथे शेंगाही कमी दिसतायत. विहिरीजवळच्या वावराला युरिया न टाकता शेंगा लगडल्यात. दोन पोती शिल्लक आहेत, ती रब्बीच्या ज्वारीला. फीचं काय ते काढणीनंतर कळेल.

परवा रात्री साडेनऊला परत फोन आला. मामीने सोयाबीनच्या उरलेल्या दोन पाकिटांची हरभऱ्याला लावायची तयारी केली होती, आता माठाशेजारी गारव्याला ठेवून. मी ऐटीत सांगितलं, अरे मामा, ती पाकिटं उन्हात गेलेली, आणि सोयाबीनचा जंतू हरभऱ्याला चालत नाही, त्याचा वेगळा असतो.

"वेगळा म्हंजे कोणता? नाव मेसेज कर," मामा म्हणाला. "आन् मराठीत कर. दुकानात वाचून दाखवायचंय."